वाटीत अडकणारा पाय आणि फरशीवर घसरणारा पाय

अहमदपूर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे: "मॅडम, माझी आठ वर्षांची घोडी आहे. लग्नसराईत वरातीला जाते, दरसाल माळेगावच्या यात्रेलाही नेतो. पावसाळ्यात बांधूनच असते. महिनाभरापासून सकाळी सोडली की मागचा डावा पाय ताठ होऊन मागं ओढला जातो, टाप जमिनीला घासते, दोन-चार पावलांनी झटका बसून पाय सुटतो. मग दिवसभर बरी चालते. गावात म्हणतात वात आहे, डाग द्या. दुसरं म्हणजे मुलानं पुण्याहून आणलेला लॅब्रॅडोर आहे, नऊ वर्षांचा. दिवसाला चार भाकरी, दूध, चहाच्या वेळी बिस्किटं खातो. उठताना कण्हतो, फरशीवर मागचे पाय फाकतात. दोघांना कोणत्या तेलानं मालिश करू? माणसाची दुखण्याची गोळी चालेल का? आणि ती फिजिओथेरपी म्हणतात ती आमच्याकडं कुठं मिळते?"

भाऊ, आधी दोन गोष्टी थांबवा, मग बाकीचं बोलू. डाग देऊ नका आणि माणसाची गोळी देऊ नका.

डागानं कातडी जळते. तुम्ही वर्णन केलंय तो बिघाड बहुधा आत, मांडीच्या स्नायूत आणि गुडघ्याच्या वाटीत आहे, तिथवर डाग पोचत नाही. उलट डाग दिला की जखम भरेपर्यंत घोडी तीन-चार आठवडे दावणीलाच राहते, मांडी आणखी सुकते आणि पाय जास्त अडकायला लागतो. मग लोक म्हणतात, डाग नीट बसला नाही, पुन्हा द्या. अशा दोनदा डागलेल्या घोड्या माझ्यापुढं आलेल्या आहेत.

गोळीचं म्हणाल तर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात व्रण करतं, मूत्रपिंड निकामी करू शकतं. पॅरासिटामॉलसुद्धा आपल्या अंदाजानं द्यायची गोष्ट नाही. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर आपल्या देशात २००६ सालीच बंदी आली, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि माळावर टाकलं की ते खाऊन गिधाडं मरत होती. कुत्र्याला वेदना आहेत आणि त्यावर औषध द्यायलाच हवं, पण ते वजन पाहून, पशुवैद्यकानं लिहून दिलेलं.

आता फिजिओथेरपी. तालुक्याच्या ठिकाणी तशी पाटी तुम्हाला दिसणार नाही. उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, परभणीलाही आहे. निदानासाठी तिथं एकदा जाऊन या, गरज वाटली तर एक्स-रे काढतील. मात्र निदानानंतरचा नव्वद टक्के उपचार तुमच्या अंगणातच व्हायचा आहे, तुमच्या हातानं. ही विद्या आपल्याला परकीही नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करता ना? तूप-हळद लावून बैलाचे खांदे चोळता, तेव्हा कुठं सूज आहे, कुठं जू घासलंय, बैल कुठं अंग चोरतो, हे हाताला आपोआप कळतं. घोड्याचा खरारा, म्हणजे रोज अंग घासून साफ करणं, तोच. फक्त खांदेमळणी वर्षातून एकदा होते आणि हे काम रोजचं आहे.

तुम्ही तेल कोणतं विचारलंत. माझ्या लेखी तो सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. दिवसातला अर्धा तास तुम्ही मालिश कराल, उरलेले साडेतेवीस तास ते जनावर कशावर उभं आहे, कसं बांधलंय, कशावरून उतरतंय, काय खातंय, यावर त्याचे पाय ठरतात. म्हणून मी तेलाआधी तबेला आणि घरातली फरशी पाहते.

घोडीपासून सुरू करू. हात लावायच्या आधी बघायचं, हे मी फार महाग शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत लोहा तालुक्यातल्या एका गावी वरातीचा घोडा दाखवायला आणला होता. पंधरा दिवस उभा होता, चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र रोजची भरपूर सुरू होती. लग्नाच्या दिवशी एकदम काम पडलं आणि घरी येईस्तोवर कमरेमागचे पुठ्ठे दगडासारखे झाले. मला वाटलं, स्नायू आखडलेत. मी मालिश केलं, वर चालवायलाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी घोडा बसला तो उठेना. लघवी काळ्या कॉफीसारखी झाली होती. स्नायू आतून फुटत होते आणि मी त्याला चालवून ते आणखी फोडले. सलाईनवर आठवडाभर ठेवून तो वाचला. जुन्या पुस्तकांत या दुखण्याला सोमवारचा आजार म्हणायचे, कारण रविवारी सुट्टीत भरपेट खाऊन उभे राहिलेले गाडीचे घोडे सोमवारी जुंपले की पडायचे. आपल्याकडं तो चातुर्मास संपल्यावर, पहिल्या वरातीला दिसतो.

म्हणून आधी हे पडताळा. घाम सुटलाय, पुठ्ठे कडक आहेत, लघवी गडद आहे, असं असेल तर एक पाऊलही चालवू नका, डॉक्टरांना बोलवा. पायावर भारच टाकत नसेल, सांधा गरम होऊन सुजला असेल, ताप असेल, तरीही तेच. घोड्याचं अंग साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट असतं. मागचे दोन्ही पाय लुळे पडताहेत, पोटाखाली सूज आहे आणि ताप येतो-जातो, असं दिसलं तर रक्त तपासून सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा आजार, नाही ना हे बघायला हवं. पावसाळ्यात चावऱ्या माश्या तो पसरवतात आणि तो कुत्र्यालाही होतो. चारही खुरांना हात लावा. खूर गरम, घोटामागं नाडी ठणठण उडतेय आणि घोडी पुढचे पाय पुढं टाकून मागं रेलून उभी आहे, तर धान्य जास्त झाल्यानं खुराच्या आत सूज आली असेल. तिथं व्यायाम नको. खूर बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि लगेच फोन करा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे.

यातलं काही नाही, सकाळीच पाय ताठतो, झटक्यानं सुटतो आणि मग चाल सुधारते, हे चित्र मात्र वाटी अडकण्याचं आहे. घोडा उभ्यानं झोपतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. ते कसं जमतं? मागच्या पायाच्या गुडघ्यावर वाटी असते आणि तिला तीन पट्टे धरून असतात. झोपताना घोडा आतल्या बाजूचा पट्टा मांडीच्या हाडाच्या उंचवट्यावर खुंटीला दोरी अडकवावी तसा अडकवतो. पाय आपोआप ताठ राहतो, स्नायूंना विसावा मिळतो. चालायच्या वेळी मांडीचा पुढचा स्नायू वाटी वर उचलून ती खुंटीवरून सोडवतो. आता स्नायू सुकला असेल, टाप पुढून वाढली असेल किंवा गुडघा जन्मतःच जरा सरळ असेल, तर वाटी सुटत नाही. महिनोन् महिने बांधून ठेवलेल्या घोडीत हे जास्त होतं, आणि म्हणूनच 'आराम दिला की बरी होईल' हा सल्ला इथं उलटा पडतो. आपल्या देवणी आणि लाल कंधारी जनावरांतही हाच प्रकार पाहिलेला असेल तुम्ही.

पाय अडकलेला असताना पुढं ओढू नका, चाबूक तर नाहीच. मोहरकीला, म्हणजे तोंडाभोवतीच्या दोराला, धरून एक-दोन पावलं मागं सारा. बहुतेक वेळा वाटी सुटते.

तबेल्यात पहिला बदल हा करा: अगाडी-पिछाडी सोडा. मागच्या पायाला दोर बांधून ताणून उभी केलेली घोडी गुडघा वाकवूच शकत नाही, तिचा पाय तासन् तास त्याच खुंटीवर लटकत राहतो. चार गुंठे जागेला कुंपण घालता आलं तर तिला मोकळी फिरू द्या. जागा नसेल तर एका खांबाला लांब दोर तरी द्या. तळ सपाट करा. शेणामुताचा खड्डा मागच्या पायाखाली तयार होतो, तो रोज भरा. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा. आपल्याकडं नाल गळून पडल्याशिवाय त्याला कुणी बोलवत नाही, तोवर टाप पुढून लांब होऊन गेलेली असते. लांब टाप उचलायला आणि वळवायला जोर लागतो, नेमका तोच जोर हिच्याकडं कमी आहे.

व्यायाम आजपासून सुरू करा. आत्ता श्रावण आहे, तुळशीचं लग्न होऊन सराई सुरू व्हायला जवळपास तीन महिने आहेत. मांडी भरायला तेवढे लागतातच, त्यामुळं वेळ चांगली आहे.

पहिले दोन आठवडे नुसती कदम चाल. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, सरळ रेषेत, हातात धरून. गोल गोल फिरवू नका, वळणावर आतल्या पायाच्या गुडघ्याला पीळ बसतो. जमीन घट्ट पण कठीण नको. पावसातलं काळं रान अजिबात नको, खोल चिखलातून पाय उपसताना नसा ताणल्या जातात. मुरमाची गाडीवाट सगळ्यात उत्तम. तिसऱ्या आठवड्यापासून चढ घ्या. बालाघाटाचे उतार तुमच्या दाराशी आहेत, हे मोठं भाग्य. लातूर शहरातल्या माणसाला मी चढ कुठून आणून देऊ? सौम्य चढावर हळूहळू वर न्या, मान मोकळी सोडा, म्हणजे ती मागच्या पायांनी रेटेल. उतरताना नागमोडी आणा, घाई नको.

त्याच सुमाराला अंगणात चार-पाच वासे आडवे मांडा, अडीच ते तीन फुटांच्या अंतरानं, तिचं पाऊल जसं पडतं तसं. त्यावरून शांतपणे चालवा, दहा-बारा फेऱ्या. प्रत्येक वाशावर ती गुडघा वाकवून पाय उचलते आणि वाटी सुटायचा सराव होतो. महिन्यानं वाशाचं एक टोक विटेवर ठेवून वीतभर उंच करा. रोज पाच-सहा पावलं मागं चालवा. आणखी एक: तिच्या पुठ्ठ्याच्या बाजूला, मागं नव्हे, उभं राहून शेपटीचा बुडखा धरा आणि हळू आपल्याकडं ओढा. तोल सावरायला ती मांडी घट्ट करते. पाच सेकंद धरा, सोडा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. लाथ मारणाऱ्या जनावराला हे करू नका.

पाठीसाठी गाजर वापरा. गाजर दाखवून हनुवटी छातीला लागेल अशी मान वाकवून घ्यायची, मग पुढच्या दोन गुडघ्यांच्या मधे, मग एकेका बगलेकडं तंगापाशी, म्हणजे खोगिराचा पट्टा आवळतात तिथं, मग मागं मांडीकडं. प्रत्येक ठिकाणी पाचेक सेकंद, पाच वेळा. झटका नको, ती स्वतः पोचेल तेवढंच. दिसायला पोरखेळ आहे, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आठवड्यातले पाच दिवस, तीन महिने हेच केल्यावर घोड्यांच्या कण्याला धरून असलेले खोलवरचे स्नायू सोनोग्राफीत मोजून जाड झालेले दिसले. खोगिराखालच्या कण्याला सावरून धरतात ते हेच स्नायू. हे काम तुमच्या घरातल्या लेकरांनाही आवडेल, फक्त तळहात सपाट ठेवून गाजर द्यायला शिकवा.

हे सगळं किती करायचं, त्याचं माप तुम्हाला घड्याळ देणार नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळ देईल. सकाळी सोडताना पाय कालच्यापेक्षा जास्त वेळ अडकला, तर काल जास्त झालं. दोन दिवस निम्म्यावर या. तेवढाच अडकला, तर आठवडाभर तेच चालू ठेवा. कमी अडकला, तर पाच मिनिटं वाढवा. दाराच्या मागं कॅलेंडर टांगलेलं असेलच, त्यावर रोज एक आकडा लिहा: किती पावलांनी पाय सुटला. मला महिन्याच्या शेवटी ते आकडे कोणत्याही वर्णनापेक्षा जास्त सांगतात.

उभ्या घोडीची चंदी कमी करा. काम नसताना भिजवलेले हरभरे मूठभर, तेही जुनी सवय मोडू नये म्हणून. पोट कडब्यानं आणि गवतानं भरायचं. वाळली वैरण तिच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तीनशे किलोच्या घोडीला पाच-सहा किलो, दिवसातून तीन-चार वेळा विभागून. मिठाचे दोन मोठे चमचे आणि समोर कायम पाणी. आमच्या उन्हाळ्यात बादलीतलं पाणी तापतं आणि जनावर पीत नाही, मग पोटशूळ होतो. बादली सावलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चंदी वाढवायची ती काम सुरू झाल्यावर, हळूहळू, आठ-दहा दिवसांत.

आता वरातीबद्दल. तुमचं पोट त्यावर आहे हे मला कळतं, म्हणून 'काम बंद करा' असं सांगत नाही. पण यंदा तिला नाचवू नका. मागच्या दोन पायांवर उभं राहणं, डांबरावर थयथय नाचणं, यात सगळा भार नेमका त्याच गुडघ्यावर येतो. डीजेच्या आवाजाला बिचकून ती वळते तेव्हाचा पीळ वेगळाच. पाठीवरचं ओझं मोजा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको, हा सर्वमान्य अंदाज आहे. तीनशे किलोच्या घोडीला साठ किलो. पंच्याहत्तर किलोचा नवरदेव, त्याच्या पुढं बसवलेलं लेकरू आणि जरीचं जड खोगीर असं झालं तर ते शंभरावर जातं. लेकरू बसवायला स्पष्ट नाही म्हणा, आणि अंतर कमी ठरवा. काटेरी लगाम घरात असेल तर फेकून द्या. ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम तो वापरायला मनाई करतात. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नको, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नको, असंही आहे. मे महिन्यात आपल्याकडं सकाळी दहालाच ३७ होतात, म्हणून मी तर नऊनंतर नकोच म्हणते.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, ती म्हणजे पिकअपमधून उतरवणं. मी पाहिलेल्या मागच्या पायांच्या दुखापतींतल्या बऱ्याचशा वरातीत झालेल्याच नव्हत्या, गाडीतून उडी मारताना झालेल्या होत्या. तीन-साडेतीन फुटांवरून डांबरावर उडी, तीही रात्री, झोपेत, अंग थंड पडलेलं. गाडीची पाठ शेताच्या बांधाला किंवा मातीच्या ढिगाला लावा आणि पावलांनी उतरवा. मग खोगीर घालायच्या आधी दहा मिनिटं नुसती चालवा. माळेगावला नेतानाही एवढं करा.

आता लॅब्रॅडोर. वय नऊ, मागचे पाय फाकतात, उठताना कण्हतो. खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा झिजलेला असण्याची शक्यता मोठी. तरी एक गोष्ट आधी पडताळा: गोचीड. आपल्या भागात कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली गोचीड नसलेलं कुत्रं विरळा. गोचीड-तापात सांधे सुजतात, आज एक पाय लंगडतो, उद्या दुसरा. घरचे म्हातारपण म्हणून सोडून देतात. हिरड्या फिकट, खाणं कमी, अंग १०३ च्या वर असेल तर रक्त तपासा. हे औषधानं बरं होणारं दुखणं आहे. मागचे पाय अचानक लुळे पडले किंवा लघवी आवरेना झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. ते मणक्याचं असतं.

सांध्याचंच असेल तर पहिलं औषध वजन. तुम्ही वजन लिहिलं नाही, पण चार भाकऱ्या आणि बिस्किटं वाचून मला अंदाज आला. अडतीतल्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकटे उभे राहा, फरक म्हणजे त्याचं वजन. बरगड्यांवरून हात फिरवा. हलकं दाबलं की बरगडी हाताला लागली पाहिजे आणि वरून बघताना कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या करून त्यांना आयुष्यभर जोखलं. जोडीतल्या एकाला जेवढं खायला, दुसऱ्याला त्याच्या पाऊण. २००२ साली निष्कर्ष आला: पाऊण खाणारे मध्यमानानं १३ वर्षं जगले, पोटभर खाणारे ११.२. सांधेदुखीचे उपचारही त्यांना उशिरा लागले. जवळजवळ दोन वर्षं, नुसतं कमी खाऊन. भाकरी दोनवर आणा, बिस्किटं पूर्ण बंद, दूध बंद, त्याऐवजी उकडलेलं अंडं, थोडी डाळ, भोपळा, गाजर. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके कधीच नाहीत. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरवू नका. घरातल्या आजी गुपचूप भाकरी घालतात, त्यांना बसवून समजावून सांगा. त्यांचा जीव आहे त्याच्यावर, कळलं की त्याच सगळ्यांवर नजर ठेवतात.

दुसरं औषध फरशी. नव्या घरांत चकचकीत टाइल्स आल्यापासून माझ्याकडं येणारे कुत्रे वाढले. जुन्या शहाबादी फरशीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर पंजाला पकड मिळायची. तो जिथून उठतो, जिथं जेवतो आणि दारापर्यंत ज्या वाटेनं जातो, तिथं सतरंज्या किंवा गोणपाट पसरा, खाली घसरणार नाहीत असे. निजायला जाड वाकळ. नखं कापा: उभा असताना नखं फरशीला टेकत असतील तर पंजा मागं रेलतो आणि पकड जाते. बोटांच्या मधले केस कातरा. मी किती तरी घरांत औषध सुरू करायच्या आधी एवढंच केलं आणि आठ दिवसांत फोन आला, "मॅडम, तो स्वतःहून उठला."

चालणं दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटांचं. रविवारी शेतात तासभर पळवणं आणि बाकी सहा दिवस साखळी, हा सगळ्यात वाईट हिशोब आहे. उन्हाळ्यात रस्त्यावर पालथा हात टेकवा. सात सेकंद ठेववला नाही तर त्याचा पंजाही भाजतो.

चालण्याआधी गरम पाण्यात पिळलेला पंचा खुब्यावर आणि मांडीवर दहा-पंधरा मिनिटं, आधी आपल्या मनगटाला लावून बघून. जुन्या आखडलेल्या सांध्याला शेक, ताज्या सुजेला पहिले दोन-तीन दिवस बर्फ, हे उलटं करू नका. मग त्याला कुशीवर निजवा. मांडीवर तळहातानं लांब, सावकाश हात फिरवा, पंजाकडून वर. एक हात गुडघ्याखाली आधाराला ठेवून पाय सायकल चालवल्यासारखा वाकवा आणि सरळ करा, दहा वेळा. तो मान वळवून तुमच्या हाताकडं बघायला लागला, ओठ चाटायला लागला, अंग कडक केलं, तर तिथंच थांबा. कुत्रं गुरगुरायच्या आधी असंच सांगतं. नंतर सतरंजीवर 'बस, उठ' पाच वेळा, दोन्ही मांड्या सारख्या दुमडून. तो एका कुशीवर कलून बसत असेल तर भिंतीला लागून बसवा. दोन पायऱ्या चढायच्या असतील तर जुनं उपरणं पोटाखालून, मांड्यांच्या पुढून घेऊन आधार द्या. इथंही माप दुसऱ्या दिवशीच्या सकाळचंच.

पोहण्यानं सांध्याला भार न देता व्यायाम होतो हे खरं. मोठ्या शहरांत त्यासाठी पाण्यातली चालती पट्टी असते. पण कृपा करून त्याला शेततळ्यात उतरवू नका. प्लास्टिकचा कागद ओला झाला की नखांनाही धरत नाही. जनावर काठापर्यंत येतं, घसरतं, पुन्हा येतं आणि दमून बुडतं. हे मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलंय आणि दर वेळी त्याला काढायला उतरलेल्या माणसाचा जीवही धोक्यात आला होता. मन्याडच्या पात्रात पाऊस ओसरल्यावर गुडघाभर, वाहत्या पण शांत पाण्यात, वाळूवरून दोरी धरून पाच मिनिटं चालवलं तरी पुरेसं आहे.

आणि तेल. घोडीला खराऱ्यानंतर साधं तीळतेल हातावर घेऊन मांडी चोळा, चालेल. खोगिराच्या आणि तंगाच्या जागी लावू नका, घाम, धूळ आणि तेल मिळून कातडी सोलते. कुत्र्याला कोणतंही तेल नको. तो चाटणार. गंधपुरा, कापूर किंवा माणसांचे बाम त्याच्या पोटात गेले तर विषासारखे ठरतात. गंधपुऱ्यात ॲस्पिरिनच्या जातीचंच द्रव्य असतं. कोरडा हात पुरे.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागं एक करवानी, म्हणजे सडपातळ शिकारी जातीचं, कुत्रं दिसतंय. लॅब्रॅडोरची उरलेली भाकरी त्याला घालून त्यालाही तसंच जाड करू नका. दोन-तीन बरगड्या दिसणं हीच त्याची तब्येत आहे. अंगावर चरबी नसल्यानं कोपरांना घट्टे पडतात, त्यालाही वाकळ हवी. पळवायच्या आधी दहा मिनिटं चालवा, थंड अंगानं एकदम सुटलेल्या करवानीच्या मांडीचा स्नायू फाटतो. ससा-हरणामागं सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, मोकळ्या रानात दोघांनी मिळून पळा. कधी त्याला भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा, या बांध्याच्या कुत्र्यांना काही भुलीची औषधं फार वेळ चढून राहतात.

मला दोन व्हिडिओ पाठवा. घोडीचा सकाळी, दावणीतून सोडतानाचा, मागून आणि डाव्या बाजूनं, पहिली वीस पावलं. मोबाइल कमरेच्या उंचीवर धरा. लॅब्रॅडोरचा झोपेतून उठतानाचा, त्याला हाक न मारता, समोर काही खायला न दाखवता. उदगीरला जाऊन आलात की तिथला कागदही सोबत जोडा. चार आठवड्यांनी पुन्हा तेच व्हिडिओ, त्याच जागेवर, त्याच वेळी घ्या आणि कॅलेंडरचा फोटो पाठवा. घोडीचा पाय चार पावलांऐवजी दोन पावलांत सुटत असेल, तर वाशांचं दुसरं टोकही विटेवर चढवू.